न पाहिलेला शेवट

कोल्हापूर,
रविवार, रात्री साडेअकरा

प्रिय विनू यास,
सप्रेम नमस्कार.

गेल्या गणपतीनंतर मी तुला एक ओळही लिहिलेली नाही आणि मध्यंतरी फोनवर आपण बोललो तेही आईच्या मोतीबिंदूपुरतेच, याची मला पूर्ण जाणीव आहे. आई आता स्वतः पेपर वाचते, माझा रक्तदाब गोळीने ताब्यात आहे, आणि प्रकृतीविषयी यापलीकडे लिहिण्यासारखे काही नाही. आज लिहायला बसलो आहे ते एका वेगळ्याच गोष्टीसाठी. ती तुझ्यामाझ्याखेरीज कोणालाच ठाऊक नाही, त्यामुळे दुसऱ्या कोणाजवळ मन मोकळे करण्याची सोयच नाही.

आपल्या फिल्म क्लबला यंदा पंचवीस वर्षे पूर्ण होत आहेत. नव्या मुलांनी नानांच्या माळ्यावरून जुन्या वार्तापत्रांचे गठ्ठे उतरवले, महिनाभर धूळ खाल्ली आणि निवडक लेखांचा एक विशेषांक काढायचे ठरवले. त्यात माझा एकच लेख घेतला आहे, आणि तो कोणता असेल हे तू ओळखले असशीलच. मे २००८ च्या अंकातला, ‘द असॅसिनेशन ऑफ जेसी जेम्स बाय द कावर्ड रॉबर्ट फोर्ड’वरचा, म्हणजे अमेरिकी दरोडेखोर जेसी जेम्स आणि त्याच्याच टोळीतल्या ‘भेकड’ रॉबर्ट फोर्डने केलेला त्याचा खून यांवरच्या चित्रपटाबद्दलचा. अंकाचे संपादन करणारी मुलगी फार हुशार आहे आणि मनापासून वाचणारी आहे. ती मला म्हणाली, "सर, या लेखात भीडभाड नाही, म्हणून घेतला." मी काहीच बोललो नाही. आज दुपारी त्यांनी तोच चित्रपट मोठ्या पडद्यावर दाखवला, आणि दाखवण्याआधी माझा तो लेख पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचून दाखवला.

तुला राजारामपुरीतली ती खोली आठवते ना? एप्रिलचा महिना, टेबलावर तुझा तो अवजड मॉनिटर, कुठून कुठून फिरत आपल्यापर्यंत आलेली ती डीव्हीडी, आणि मांडीवर शेंगदाण्याची पुडी, जी तू एकट्याने संपवलीस आणि टरफले माझ्या उशीखाली लपवलीस. फोर्ड बंधू जेसीच्या सेंट जोसेफमधल्या घरी राहायला येतात, घरातली हवा हळूहळू कोंदट होत जाते, आणि नेमके तेव्हाच भारनियमनामुळे दिवे गेले. वीज पहाटेपर्यंत आली नाही. मला सकाळी दहाला मजकूर छापखान्यात द्यायचा होता. मी कंदिलाच्या उजेडात लेख लिहून काढला आणि त्यात ठणकावून सांगितले की, जेसीचा खून झाल्यानंतरही दिग्दर्शक चित्रपट विनाकारण लांबवत राहतो. विनू, खून झाल्यानंतरची एक चौकटही मी पाहिलेली नव्हती. चित्रपट १६० मिनिटांचा आहे हे डीव्हीडीच्या वेष्टनावर छापलेले होते आणि खून होणार हे नावातच लिहिलेले होते. या दोन गोष्टींच्या आधारावर मी एका माणसाच्या काही वर्षांच्या कामाचा निकाल लावला.

बाकीचा मालमसाला मी परदेशी परीक्षणांतून उचलला होता, हेही आता लिहून टाकतो. तिकडच्या समीक्षकांत सरळ दोन तट पडले होते. कोणी म्हणत होते की गेल्या कित्येक वर्षांत असा वेस्टर्न, म्हणजे जुन्या अमेरिकेतल्या घोडे-पिस्तुलांचा चित्रपट, झाला नाही, तर कोणी त्याला लांबण लावलेला, स्वतःच्याच सौंदर्यावर भाळलेला चित्रपट म्हणत होते, आणि पडद्यावर जे दिसते तेच निवेदक पुन्हा का सांगतो असे विचारत होते. मी दुसऱ्या तटाची वाक्ये घेतली, कारण ती अधिक झणझणीत होती. लेख आल्यावर नानांनी पाठ थोपटली, "पोरा, लेखणीला धार आहे" म्हणाले, आणि त्या शाबासकीवर मी पुढची कित्येक वर्षे समीक्षक म्हणून मिरवलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी तू एकट्याने उरलेला भाग पाहिलास, तडक सायकल मारत छापखान्यात आलास आणि सगळ्यांसमोर मला ‘अर्धवट’ म्हणालास. कंपोझिटर काकांना वाटले, तू शिवी देतो आहेस. तू अगदी शब्दशः बोलत होतास, हे आपल्या दोघांनाच कळत होते. त्यानंतर आपण चार महिने एकमेकांशी बोललो नाही आणि पुढे समेट झाला तोसुद्धा मिसळीच्या ताटावर, मूळ विषयाला हात न लावता. मीही हट्टाने तो शेवट कधी पाहिला नाही. आज सतरा वर्षांनी पाहिला.

सभागृहात साठ-पासष्ट माणसे होती. पहिल्या तासातच कुजबुज सुरू झाली, मग खुर्च्या वाजू लागल्या, आणि रेल्वे लुटीचा प्रसंग होऊन गेल्यावर माणसे दोघे-तिघे करून उठू लागली. त्यांना दोष देता येत नाही, कारण हा चित्रपट लांबणार आहे असे आम्हीच आधी वाचून दाखवले होते. पण तो रेल्वेचा प्रसंग मोठ्या पडद्यावर पाहिल्यावर माझ्या अंगावर काटा आला. काळोख्या झाडीत बुरखे घातलेली माणसे उभी आहेत, लांबून इंजिनाचा एकच दिवा वळण घेत येतो, त्याच्या उजेडात झाडांच्या सावल्या जमिनीवरून चालू लागतात, आणि गाडी थांबते तेव्हा वाफेच्या लोटात जेसी नुसती आकृती होऊन उभा राहतो. छायाचित्रकार रॉजर डीकिन्सने यासाठी जुनी भिंगे कॅमेऱ्यावर बसवून घेतली होती. काही दृश्यांच्या कडा त्यामुळे अशा विरघळतात, की आजोबांच्या ट्रंकेतला एखादा फोटो हातात घेतल्यासारखे वाटते. माझ्या लेखात या कडांना मी ‘धूसर चित्रीकरणाचा सोस’ म्हटले आहे. आपल्या त्या मॉनिटरवर सगळेच धूसर दिसत होते, हे मला तेव्हा सुचले नाही.

आता त्या शेवटाबद्दल लिहितो, जो तुला सतरा वर्षांपासून पाठ आहे. जेसी कमरेचा पट्टा पिस्तुलांसकट काढून ठेवतो, भिंतीवरच्या तसबिरीवर धूळ बसली आहे म्हणून खुर्चीवर चढतो, आणि तसबिरीच्या काचेत त्याला मागे उभ्या असलेल्या बॉबच्या, म्हणजे रॉबर्ट फोर्डच्या, हातातले पिस्तूल दिसते. तो वळत नाही. ३ एप्रिल १८८२ ची सकाळ, जेसी ३४ वर्षांचा आणि मारणारा जेमतेम वीस वर्षांचा. मी समजत होतो की कथा इथे संपली. कथा इथून सुरू होते! बॉब आणि चार्ली हे दोघे भाऊ तोच खून रंगमंचावर पुन्हा पुन्हा करून दाखवतात, चार्ली जेसी होतो आणि बॉब बॉबच राहतो. आरंभी टाळ्या पडतात, मग प्रेक्षागृहातून ‘भेकड’ अशी आरोळी येते. चार्ली १८८४ मध्ये आत्महत्या करतो. पुढे एका मद्यालयात गवई जेसीवरचा पोवाडा म्हणत असतो (ती भूमिका निक केव्हने केली आहे, चित्रपटाचे संगीतही त्याचे आणि वॉरन एलिसचे), आणि गाण्यात जेसीची तीन मुले पोरकी झाल्याचे येते. कोपऱ्यात बसलेला बॉब उठून सांगतो, तीन नव्हे, दोन मुले होती. ज्या माणसाला सगळे जग शिव्या घालते आहे, तो एवढीच एक दुरुस्ती करतो. इथे मला रडू आवरले नाही. शेवटी बॉब एका बाईजवळ कबूल करतो की, खून केल्यावर लोक टाळ्या वाजवतील असे त्याला वाटले होते. आणि ८ जून १८९२ ला कोलोरॅडोतल्या क्रीड गावी त्यालाही गोळी घातली जाते, तेव्हा निवेदक सांगतो की, त्याच्या प्रेताचे फोटो कोणी विकत घेणार नव्हते. हा तोच निवेदक, ज्याला मी लेखात ‘अनावश्यक’ ठरवले होते.

दिवे लागले तेव्हा सभागृहात एकोणीस माणसे उरली होती. मी मोजली, कारण उठून उभे राहण्याचे बळ माझ्यात नव्हते.

या चित्रपटाच्या वाट्याला जे आले ते तू मला तेव्हाच समजावत होतास आणि मी ऐकत नव्हतो. चित्रीकरण २००५ च्या डिसेंबरात संपले होते, तरी संकलनावरून दिग्दर्शक अँड्र्यू डॉमिनिक आणि स्टुडिओ यांच्यात ओढाताण चालू राहिली आणि चित्रपट बाहेर यायला सप्टेंबर २००७ उजाडला. स्टुडिओला गोळीबार हवा होता, डॉमिनिकला दोन माणसांच्या मनातले सावट दाखवायचे होते. व्हेनिसच्या महोत्सवात जेसी झालेल्या ब्रॅड पिटला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा व्होल्पी करंडक मिळाला आणि त्याच महिन्यात अमेरिकेत चित्रपट लागला तो अवघ्या पाच चित्रपटगृहांत. सुमारे तीन कोटी डॉलर खर्चून केलेल्या चित्रपटाने अमेरिकेत चाळीस लाखही मिळवले नाहीत आणि साऱ्या जगातून दीड कोटीच्या आसपास मिळवले. त्याच महिन्यात लागलेल्या ‘३:१० टू युमा’ या वेस्टर्नला तिथल्या प्रेक्षकांनी पाच कोटींहून अधिक दिले, म्हणजे घोडे आणि पिस्तुले लोकांना नको होती असे नाही. माझे मत असे की, पिटचे नाव पाहून आलेल्या प्रेक्षकाला दरोडेखोराची मर्दुमकी हवी होती. इथे त्याला संशयाने पोखरलेला, थकलेला माणूस मिळाला, आणि त्याहून वाईट म्हणजे त्याच्यावर भाळलेल्या त्या केविलवाण्या पोरात स्वतःचे तोंड पाहावे लागले. ऑस्करमध्ये बॉब झालेला केसी ॲफ्लेक आणि डीकिन्स यांची नामांकने झाली आणि दोघेही रिकाम्या हातांनी परतले. डीकिन्स तर त्या वर्षी आणखी एका चित्रपटासाठी स्पर्धेत होता, म्हणजे स्वतःशीच लढत होता.

मग वारा फिरला. २०१३ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ द मूव्हिंग इमेजमध्ये तो मुद्दाम पुन्हा दाखवला गेला. २०१६ मध्ये बीबीसीने जगभरच्या समीक्षकांकडून या शतकातल्या शंभर उत्तम चित्रपटांची यादी करून घेतली, तिच्यात तो ९२ वा आला. तू त्या काळी ‘हेवन्स गेट’ या दुसऱ्या एका वेस्टर्नचा दाखला द्यायचास. १९८० मध्ये न्यूयॉर्क टाइम्सचा समीक्षक व्हिन्सेंट कॅन्बी याने त्याला निखालस अरिष्ट ठरवले, आठवड्याभरात तो पडद्यावरून उतरवला गेला, आणि २०१२ मध्ये त्याच चित्रपटाची नव्याने सिद्ध केलेली प्रत व्हेनिसला सन्मानाने दाखवली गेली. मी तुला तेव्हा म्हणालो होतो की, काळ हाच खरा समीक्षक असतो. ते वाक्य आज मला अत्यंत बेजबाबदार वाटते, विनू. काळाच्या हातून काही होत नाही. पाच चित्रपटगृहांत लागलेल्या चित्रपटासाठी कोणीतरी बसून राहावे लागते, शेवटपर्यंत पाहावे लागते आणि दुसऱ्याला धरून आणून दाखवावे लागते. कॅन्बीचे मत मला पटत नाही, पण त्याने निदान साडेतीन तास खुर्चीत बसून ते बनवले होते.

तुझ्या घरचे विचारायचे राहूनच गेले. वहिनींची नवी नोकरी कशी चालली आहे, आणि चिरंजीव हॉकीत दात पाडून घेत नाहीत ना, ते कळव. आणि एक गोष्ट लक्षात आली म्हणून लिहितो. हा चित्रपट कॅनडात, तुझ्याच कॅल्गरीच्या परिसरात घेतला आहे. क्रीड गाव त्यांनी गोट क्रीकजवळ उभे केले होते. तुझ्या शहरातल्या हेरिटेज पार्कमध्येही चित्रीकरण झाले होते. तू नऊ वर्षे तिथे राहतोस आणि एकदाही याबद्दल बोलला नाहीस. मला वाईट वाटू नये म्हणूनच गप्प राहिलास, असे मी धरून चालतो.

आता कामाचे. चित्रपट संपल्यावर त्या मुलीला बाजूला घेऊन मी सांगितले की माझा लेख अंकात घेऊ नकोस. तिने कारण विचारले. मी म्हणालो, लेख चुकीचा आहे. ती म्हणाली, "मत बदलले तर बदलू दे की सर, तेव्हाचे मत म्हणून छापू." तिला काय सांगणार? मत बदलले असते तर गोष्ट वेगळी होती, पण तेव्हा माझ्याजवळ मत नव्हतेच. तरीही मी तिला गुरुवारपर्यंत थांबायला सांगून घरी आलो, खरे कारण तोंडातून बाहेर पडले नाही.

घरी आल्यावर लोखंडी कपाट उघडले. तू २००८ मध्ये माझ्या लेखाला उत्तर म्हणून वार्तापत्रासाठी चार पाने लिहून दिली होतीस. संपादक मीच होतो, आणि जागा नाही असे सांगून मी ती छापली नाहीत. जागा होती. त्या अंकाचे शेवटचे पान कोरे गेले होते आणि तिथे मी रंकाळ्याचा फोटो लावला होता. तुझी पाने मी फेकली नाहीत, एवढेच माझ्या बाजूने म्हणता येईल. रेघांचा फुलस्केप कागद आहे, घडीवर पिवळा पडला आहे, दुसऱ्या पानावर शेंगदाण्याच्या तेलाचा डाग आहे आणि तिथली शाई फुटली आहे. तरी सगळे वाचता येते. त्या तीन मुलांच्या आणि दोन मुलांच्या प्रसंगावर तू अख्खा परिच्छेद लिहिला आहेस. मी तो तेव्हा वाचला होता, पण प्रसंग पाहिलेला नसल्यामुळे मला त्यातले अक्षरही कळले नव्हते.

विशेषांकात माझ्या लेखाच्या जागी ही चार पाने जावीत अशी माझी इच्छा आहे, आणि वर मी माझ्या सहीने दहा ओळी लिहीन, ज्यांत कंदील, भारनियमन आणि कोरे पान सगळे येईल. नाना आता नाहीत, त्यामुळे त्यांना वाईट वाटण्याचा प्रश्न नाही. मुलांना काय वाटेल ते वाटो. पण तुझी परवानगी हवी. तुझे नाव घालायचे की नुसती आद्याक्षरे, तिसऱ्या पानावर तू मला उद्देशून जो शब्द वापरला आहेस तो तसाच ठेवायचा ना (माझ्या मते ठेवावा), आणि तेलाच्या डागाखाली ‘टाळ्या’ आहे की ‘टाळा’, एवढे बुधवार रात्रीपर्यंत कळव. अंक गुरुवारी दुपारी छापायला जाणार आहे.

तुझा,
सदा