शुभंकराला वीस मिनिटांची पाळी आणि एक सोबती द्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

एप्रिल-मेच्या लग्नसराईत सोलापुरातल्या मंगल कार्यालयांच्या दारात अस्वल, पांडा नाहीतर मिकी माऊस हात हलवत उभा असतो. नवी पेठेत दुकानाचं उद्घाटन असलं तरी ‘कार्टूनवाला’ सांगितलेला असतोच. अशा शुभंकरांचे, म्हणजे मॅस्कॉटचे, पोशाख शिवणारे, दुरुस्त करणारे आणि अंगावर घालणारे आम्ही काहीजण हे पत्र लिहीत आहोत. मागणी एवढीच की आयोजकांनी एका पोशाखामागे दोन माणसांची मजुरी धरावी आणि आतल्या माणसाला सलग वीस मिनिटांच्या वर उभं करू नये.

हे लाड वाटत असतील तर उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक आइस हॉकी संघांकडे पाहावं. तिथे प्रेक्षक जाकिटं घालून बसतात, इतका गारवा असतो. खेळ वीस-वीस मिनिटांच्या तीन भागांत होतो, शुभंकराचं मुख्य काम खेळ थांबतो तेव्हाचं, आणि मधे आत जाऊन डोकं काढायला मिळतं. तरीही माणूस घामाने निथळतो. शिवाय त्याच्या आसपास सोबती लागतोच, कारण आतून धड दिसत नाही. 2003 मध्ये एडमंटनचे प्रशिक्षक क्रेग मॅकटॅविश यांनी कॅल्गरी संघाचा शुभंकर असलेल्या हार्वी या कुत्र्याची लोंबती लाल जीभच उपटून काढली होती. हार्वी त्यांच्या खेळाडूंना खिजवत होता हे खरं, पण आपल्याकडे न खिजवताही पोरं शेपूट उपटतात. आपल्या देशात 2018 आणि 2023 च्या पुरुषांच्या हॉकी विश्वचषकाचा शुभंकर ‘ऑली’ हे ऑलिव्ह रिडले कासव होतं. त्या दोन्ही स्पर्धा थंडीच्या दिवसांत झाल्या. सोलापूरची लग्नं मे महिन्यात असतात.

पारा 42 वर गेला की बाहेरची हवा कातडीपेक्षा गरम असते. मग वारा लागून अंग गार होत नाही, घाम सुकला तरच होतं. नकली फरच्या आत तो सुकायला जागाच नसते. म्हणून ऐन दुपारी वीससुद्धा नाहीत, पंधराच मिनिटं. दोघे असले की पाळी आपोआप लागते: एक आत, दुसरा सोबती, मग अदलाबदल. टोपी आणि हातमोजे मात्र ज्याचे त्याचे वेगळे.

डोकं इव्हीए फोमचं, म्हणजे हलक्या रबरासारख्या फोमचं असावं. फायबरचं दिसायला गुळगुळीत, पण सगळा भार मानेवर येतो. आत सायकलचं हेल्मेट पट्ट्यांसकट बसवलं की मान वळेल तसं डोकं वळतं. नुसता स्पंज ठासला तर तो घामाने भिजतो, डोकं घसरतं आणि डोळ्यांसमोरची जाळी कपाळावर जाते. बहुतेक पोशाखांत पात्राच्या तोंडातल्या काळ्या जाळीतूनच पाहावं लागतं, त्यामुळे पायाशी काय आहे ते कळत नाही. तीन-चार वर्षांचं मूल नेमकं तिथेच येऊन बिलगतं. पॉवर बँकेवर चालणारा छोटा पंखा माथ्याशी, दमट हवा बाहेर फेकेल असा लावावा. आपल्याकडे तो सर्रास तोंडासमोर, आत फुंकणारा लावतात आणि डोळ्यांत गरम धूळ जाते.

अंगावर जाकीट, त्याला छातीवर दोन आणि पाठीवर दोन खिसे, प्रत्येकात गोठवलेली जेलची पिशवी टॉवेलच्या तुकड्यात गुंडाळून. कातडीला थेट लावली तर कातडी भाजल्यासारखी होते. मेमध्ये या पिशव्या तासभरही टिकत नाहीत, म्हणून दुसरा संच थर्माकोलच्या पेटीत हवा. वितळलेल्या तशाच ठेवल्या तर ते नुसतं ओझं. आतले कपडे पूर्ण बाह्यांचे, घाम शोषून न ठेवणारे, ड्रायफिट. सोलापुरात राहून सुती कापडाविरुद्ध बोलणं जिवावर येतं, पण सुती बनियन एकदा भिजला की पाळी संपेपर्यंत ओलाच राहतो. सुती टॉवेल बाहेर आल्यावर, हवे तेवढे.

फुगवायचे पोशाख फरपेक्षा बरे, पण पंख्याच्या तोंडावर कापड आलं किंवा चेन जराशी उघडी राहिली की पांडा गुडघ्यांत बसतो.

सोबत्याने खुणा आधी ठरवाव्यात, कारण शुभंकर बोलत नाही. दोन्ही हात डोक्यावर म्हणजे पाणी. छातीवर हातांची फुली म्हणजे ताबडतोब आत न्या. दर पाळीनंतर ओआरएस द्यावं, एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच. चहा नको. भर उन्हात शहारे आले, मळमळलं, घाम थांबला किंवा माणूस भलतंच बरळू लागला तर डोकं तिथल्या तिथे काढावं. समोर पोरं आहेत म्हणून थांबू नये. सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतावं, वारा घालावा, काखेत आणि मानेला बर्फ धरावा, 108 ला फोन करावा. शुद्ध हरपत असेल तर तोंडाने काही पाजू नये.

वरातीत तर शुभंकर नकोच. ॲक्रिलिकची फर ठिणगीने पेटते, वितळते आणि कातडीला चिकटते. आतल्या माणसाला चेन पाठीमागे असल्याने ती स्वतः उघडता येत नाही. नवरानवरीच्या प्रवेशाला ठिणग्यांची कारंजी लावणार असाल तर अस्वलाला हॉलच्या दुसऱ्या टोकाला उभं करा.

कार्यक्रम संपल्यावर पोशाख उलटा करून आतून 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल हे जंतुनाशक फवारावं आणि सावलीत पंख्याखाली वाळवावा. ओला घडी करून पिशवीत कोंबला की बुरशी धरते, आणि दुसऱ्या दिवशी तोच पोशाख दुसऱ्याच्या अंगावर चढतो. भाडं घासाघीस करून खाली आणलं की सगळ्यात आधी हे वाळवणं गळतं.

तेव्हा कार्टूनवाला ठरवतानाच विचारावं: बदली माणूस आहे का, आणि आपल्याकडे पंखा असलेली, दार लागणारी खोली आहे का. भटारखान्याशेजारची कोठी चालणार नाही.

आपले,
शुभंकरांचे पोशाख शिवणारे व घालणारे काही कारागीर,
सोलापूर