मशीनवरच्या गोधडीला आधी कच्चे टाके हवेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बचत गटांतील महिला आता शिलाई मशीनवर गोधड्या शिवून विकतात, याविषयीचा आपल्या पुरवणीतील लेख वाचून समाधान वाटले. मात्र कापड मशीनखाली जाण्याआधी काय करावे लागते, याचा त्यात उल्लेख नव्हता, आणि गोधडी बिघडते ती बहुधा तिथेच.

हाताने शिवताना सुई एका वेळी दोन-चार टाक्यांपुरतेच कापड उचलते आणि डावा तळहात थर सपाट करीत पुढे सरकतो. त्यामुळे आमच्या घरी आजी कडेपासून आत फेर घेत येई, तरी गोधडीला चुणी पडत नसे. मशीनचे तसे नाही. सुईखालचे दाते अस्तर पुढे ओढतात, सुईजवळचा कापड दाबणारा पाय (फूट) वरचे कापड मागे ठेवतो, आणि एकेका टाक्यातला केसभर फरक पाच फुटांच्या टिपेअखेर बोटभर फुगवटा होऊन बसतो. एका प्रशिक्षण वर्गात शिवलेली माझी पहिली गोधडी उलटून पाहिली, तर अस्तर तीन ठिकाणी दुमडून टिपेत अडकले होते. ते उसवण्यात माझ्या दोन दुपारी गेल्या.

अस्तर चारी बाजूंनी तीन-चार इंच मोठे घ्यावे, फरशीवर उलटे पसरावे आणि कडा चिकटपट्टीने बसवाव्यात. ते सपाट असावे पण ताणलेले नसावे, कारण ताणलेले कापड पट्टी निघताच आक्रसते. त्यावर जुन्या साड्यांचे थर आणि शेवटी दर्शनी कापड. मग मधोमध सुरुवात करून कडेकडे जात बोटभर लांबीचा कच्चा धावदोरा घालावा, दोन ओळींत मूठभर अंतर ठेवावे. दोरा पांढराच घ्यावा, गडद दोऱ्याचा रंग उतरू शकतो. सेफ्टीपिनाही चालतात, पण सुई पोहोचण्याआधी त्या काढल्या नाहीत तर सुई मोडते. जुन्या साड्या धुऊन धुऊन आटलेल्या असतात. नवे सुती अस्तर मात्र आधी धुवायलाच हवे. मशीनची पहिली टीपही मधूनच मारावी.

सहा बाय चार फुटांच्या गोधडीला या तयारीसाठी दोघींचा दीडेक तास जातो आणि मजुरी ठरवताना तो कोणीच धरत नाही. तो धरला जावा, अशी बचत गटांना आणि गोधडी विकत घेणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे.

आपली,
एक वाचक, सातारा