आठ दिवसाला नळ येणाऱ्या गावात दसरा कसा काढायचा?

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत घराच्या 'डीप क्लीनिंग'वर पानभर मजकूर आलाय, तो सुनेनं मोबाईलवर दाखवला आणि मी दोनदा वाचला कारण पहिल्यांदा वाचताना हसूच येत होतं. शॉवरची काच कशी चमकवायची म्हणे. आमच्या न्हाणीत काच नाही, शॉवर आहे पण त्यातनं पाणी पडलेलं बघून तीन वर्षं झाली असतील. लिहिणाऱ्या ताईंचा दोष नाही, त्यांच्याकडं नळ फिरवला की पाणी येत असेल, त्यांनी त्या हिशोबानं लिहिलं. पण तुमचा पेपर परभणी, हिंगोली, जालन्यात पण वाचतात ना, म्हणून म्हटलं इकडचं पण कुणीतरी लिहावं.

डीप क्लीनिंग आम्हाला नवीन नाही बरं का. आम्ही त्याला दसरा काढणं म्हणतो. घट बसायच्या आत घरातली एकूण एक वस्तू, म्हणजे मांडणीवरचे पितळी डबे, घडवंचीवरच्या वाकळा, पेटीतली कापडं, देवघरातले टाक, फोटोमागची जाळी, सगळं काढायचं धुवायचं पुसायचं नि परत लावायचं. पित्रं चालू असतानाच निम्मं उरकतं. माझं माहेर औसा तालुक्यातलं, तिथं माळवदाचं घर, वरून वर्षभर माती गळायची, त्यामुळं आई आधी तोंडाला पदर बांधून वरची लाकडं झाडायची मग भिंती पांढऱ्या मातीनं सारवायची. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीचा भूकंप झाला, माळवदाखाली किती माणसं गेली ते सगळ्यांना माहिती, नंतर वडलांनी माळवद उतरवून पत्रे टाकले. माती गळायची थांबली, पण उन्हाळ्यात आई म्हणायची, आता आपण तव्यावर राहायलोत. असो, विषय भरकटला.

मुद्दा पाण्याचा. आमच्याकडं नळ आठ दिवसाला येतो, कधी दहा. घरात 1000 लिटरचा हौद आणि 200 लिटरची दोन टिपाडं, म्हणजे 1400 लिटर, त्यात सहा माणसांचं सगळं. एक जाड वाकळ धुवायची म्हणजे पाच बादल्या कुठं गेल्या कळत नाही, आमच्या नऊ वाकळा, 15 लिटरची बादली धरली तर 675 लिटर. निम्मं पाणी नुसत्या वाकळांना. सासूबाईंच्या काळी बैलगाडीत वाकळा घालून सगळ्या बायका दुधनेवर जायच्या, दिवसभर आपटायच्या, वाळूवर वाळत टाकायच्या आणि भाकरी खाऊन संध्याकाळी घरी. आता नदीत वाळूच ठेवली नाही कुणी. म्हणून आम्ही पाण्याच्या पाळीच्या दिवशी तीन वाकळा, पुढच्या पाळीला तीन, असं करतो, नि दसऱ्याला महिनाभर असतानाच सुरुवात करावी लागते. त्यात परतीचा पाऊस आला की वाकळ तीन दिवस वाळत नाही नि कुबट वास मारते तो वेगळाच. 2025 ला तर घटस्थापनेच्या आठवड्यात मांजरा, सीना, सिंदफणा सगळ्यांना पूर, लोकांच्या घरात गुडघाभर गाळ, दसरा काढलेली घरं परत काढावी लागली.

त्यामुळं आमच्याकडं साफसफाईचा पहिला नियम असा की जेवढं कोरडं होतंय तेवढं कोरडंच करायचं. आधी छताची जाळी, मग पंखे (जुना उशीचा अभ्रा पात्यावर चढवून ओढला की धूळ आतच राहते, खाली पडत नाही), मग कपाटाच्या वरचं, गाद्या गच्चीवर उन्हात, पेटीतली कापडं उन्हात, पेटीत लिंबाचा पाला. लिंब म्हणजे कडुलिंब बरं का, सरबताचं नव्हे. हे सगळं झाल्यावर पाण्याला हात लावायचा, आणि वाकळेचं शेवटचं खळबळलेलं पाणी टाकायचं नाही, त्यानं फरशी, फरशीचं पाणी संडासात. हे तुमच्या पुरवणीत कुठंच नव्हतं.

दुसरं, त्यात फरशी व्हिनेगरनं पुसा असं लिहिलंय. अहो, मराठवाड्यात निम्म्या घरात शहाबादी फरशी आहे आणि वट्ट्यावर कडप्पा, दोन्ही चुनखडीचे दगड, आंबट पदार्थ पडला की दगडच खातो. मी स्वतः केलंय म्हणून सांगते. चार वर्षांपूर्वी न्हाणीतल्या शहाबादीवर बोअरच्या पाण्याचा पांढरा थर बसला होता, दुकानातनं संडास धुवायचं ॲसिड आणलं नि ओतलं, फसफस फसफस झालं, मला वाटलं वा काय मळ निघायलाय, तो मळ नव्हता, फरशीच निघत होती. आता तिथं पाय घासतो एवढी खरबरीत झाली नि मळ आधीपेक्षा जास्त धरते. तो थर नळाच्या तोटीवर, स्टीलच्या बादलीवर असेल तर लिंबूसत्त्व पाण्यात कालवून फडकं भिजवून तासभर गुंडाळून ठेवा, निघतो. दगडावर मात्र नुसता काथ्या आणि मनगट.

आणि खायचा सोडा नि व्हिनेगर एकत्र कालवून डाग काढायची ती युक्ती, ती सगळीकडंच छापून येते. सून केमिस्ट्रीची, ती म्हणाली आत्या, ती दोघं एकमेकाला मारून टाकतात, फेस येतो तेवढाच, मागं उरतं ते खारट पाणी. सोडा तेलकट डब्यांना वेगळा वापरा, व्हिनेगर क्षारांना वेगळं.

एक मात्र गंमतीवारी नेऊ नका. आमच्याकडं टीसीएल पावडर, म्हणजे ब्लीचिंग पावडर, घराघरात असते, पाण्यात टाकायला. न्हाणी पांढरी व्हावी म्हणून आमच्या गल्लीतल्या एका बाईनं आधी टीसीएल टाकली आणि त्यावरच ॲसिड ओतलं. क्लोरीनचा वायू निघाला, बारकी न्हाणी, खिडकी नाही, बाई खोकत खोकत बाहेर पडली ती दोन दिवस दवाखान्यात. दसऱ्याच्या घाईत बायका हे दरवर्षी करायल्यात, जरा ठळक अक्षरात छापा.

आता ज्याच्यासाठी खरं तर पत्र लिहिलं ते. घर चकाचक करतो आपण आणि टिपाड तसंच राहतं. पाणी संपत आलं की खालचं ओतायचं नि नळ आला की परत भरायचं. डेंग्यूचा डास स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो, आणि पाण्यात घालत नाही, पाण्याच्या जरा वर आतल्या भिंतीला चिकटवतो, ती कोरडी पडली तरी कित्येक महिने तग धरतात, परत पाणी चढलं की फुटतात. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस, आणि आमचा नळ किती दिवसाला येतो ते वर लिहिलंच आहे. आरोग्यवाल्या पोरी ॲबेट, म्हणजे डासाच्या अळ्या मारायचं औषध, टाकून जातात, बिचाऱ्या उन्हातान्हात फिरतात, पण आतनं काथ्यानं घासल्याशिवाय अंडी निघत नाहीत. आठवड्याला कोरडा दिवस पाळा म्हणतात ते बरोबर आहे, पण ज्या बाईला पुढचं पाणी कधी येईल हेच माहिती नाही ती हंडाभर उरलेलं कशाला ओतून देईल? मी पण देत नव्हते. मुलाला मागच्या वर्षी डेंग्यू झाला तेव्हापासून द्यायले, म्हणजे ओतत नाही, घागरीत गाळून घेते, टिपाड घासून उन्हात पालथं घालते.

म्हणून इथल्या पाणी सोडणाऱ्यांना तुमच्यामार्फत विनंती की घट बसायच्या आधीच्या पंधरवड्यात दोन पाळ्या जास्तीच्या द्या, आणि तारीख वेळ दोन दिवस आधी सांगा, तुमच्या पेपरच्या कोपऱ्यात छापून आली तरी चालेल. त्याच आठवड्यात घंटागाडीची एक फेरी पण वाढवा, जुन्या गाद्या, फुटक्या बादल्या सगळ्या नाल्यात चालल्यात नि मग त्यातच पाणी साचतंय. तुम्हाला विनंती एवढीच की पुढच्या वर्षी पुरवणीत लिहायला एखादी टिपाडवाली बाई बघा.

उद्या रात्री दोनच्या सुमाराला नळ येईल असं पाणी सोडणारा पोरगा म्हणालाय. तोपर्यंत दोन्ही टिपाडं घासून व्हायला पाहिजेत, म्हणून थांबते.

आपली नेहमीची वाचक,
एक गृहिणी, जि. परभणी