आपत्तीत परराज्यात नोंदणी झालेल्या परिचारिकांच्या परवानगीचे आधीच ठरवा

महोदय,
मे 2021 मध्ये केंद्राने अंतिम वर्षाच्या एमबीबीएस विद्यार्थ्यांना देखरेखीखाली सौम्य कोविड रुग्ण पाहण्याची मुभा दिली. तोवर दुसरी लाट अंगावर आली होती! वाशीत सिडकोच्या प्रदर्शन केंद्रात, ठाण्यात बाळकुमला खाटा उभ्या राहिल्या, पण खाटा रुग्णाला सलाईन लावत नाहीत. आमच्या नेरूळमध्ये केरळात नोंदणी झालेल्या कितीतरी परिचारिका राहतात. इथे काम करायचे तर महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी हवी. एरवी ते योग्यच. मात्र आपत्ती जाहीर होताच अशांना 90 दिवसांची तात्पुरती परवानगी मिळावी. मूळ नोंदणी तपासूनच, नाहीतर बोगस डॉक्टरांचे फावेल. चूक झाल्यास जबाबदार कोण, हेही शासनाने आताच लेखी ठरवावे.
– एक वाचक, नेरूळ