गूगलचा आकडा हा व्याकरणाचा दाखला नव्हे

महोदय,

अर्जात किंवा कार्यालयीन पत्रात एखादा इंग्रजी शब्दप्रयोग चालेल का, अशी शंका आली की तो गूगलवर टाकायचा आणि लाखोंचा आकडा दिसला की निर्धास्त व्हायचे, ही सवय सर्रास झाली आहे. तो आकडा मुळात अंदाजे असतो. शिवाय अवतरणचिन्हे न घालता शोधले, तर तेच शब्द इकडेतिकडे विखुरलेली पानेही निकालात येतात.

‘डिस्कस अबाउट’ घ्या. अवतरणांत शोधूनही तो भरपूर सापडतो. पण ओळी वाचल्या, तर काहींत ‘अबाउट’चा अर्थ ‘सुमारे’ असतो (‘सुमारे दहा मुद्द्यांची चर्चा करू’) आणि ते वाक्य बिनचूक असते. एरवी ‘डिस्कस’ला थेट कर्म लागते, मध्ये ‘अबाउट’ येत नाही. ऑक्सफर्डच्या विद्यार्थी-कोशात तशी स्पष्ट ताकीदच आहे आणि तो नेटवर फुकट पाहता येतो. घोळ होतो तो ‘टॉक अबाउट’ आणि ‘डिस्कशन अबाउट’ या बरोबर असलेल्या जोड्यांमुळे. म्हणून पहिली पायरी कोश. त्यातही अर्थापेक्षा उदाहरणांची वाक्ये पाहावीत.

कोशाने भागले नाही, तर ‘कोका’ (COCA) हा अमेरिकी इंग्रजीतल्या लेखनाचा आणि संवादांचा, नेटवर शोधता येणारा संग्रह आहे. त्यात १९९० ते २०१९ या काळातले सुमारे १०० कोटी शब्द आहेत आणि नोंदणी करून मर्यादित शोध मोफत घेता येतात. तिथे एकटा ‘कोप अप विथ’ शोधू नये. शेजारी ‘कोप विथ’ शोधून दोन्हींची तुलना करावी, म्हणजे ‘अप’ उपरे आहे हे लगेच दिसते. प्रयोग कोणत्या प्रकारच्या मजकुरात येतो, हेही तिथे दिसते. तो फक्त टीव्हीवरच्या संवादांत आढळत असेल, तर तो अर्जात घालू नये. पुस्तकांत एखादा शब्दसमूह किती वेळा येतो हे दाखवणारा गूगलचा ‘एनग्रॅम’ही उपयोगी आहे, पण ४० पेक्षा कमी पुस्तकांत आलेले शब्दसमूह तो दाखवतच नाही. त्यामुळे तिथे काही दिसले नाही म्हणून प्रयोग चूक ठरत नाही.

वाचणारा कोण, हेही पाहावे लागते. ‘प्रीपोन’ (ठरल्या वेळेच्या आधी घेणे) भारतीय इंग्रजीत रुळला आहे, कोशांतही आहे. त्याला हसण्याचे कारण नाही. मात्र पत्र लंडनला जाणार असेल, तर ‘ब्रिंग फॉरवर्ड’ लिहावे. ‘रिव्हर्ट’चे तसे नाही. आपण तो ‘उत्तर द्या’ म्हणून लिहितो. तिकडचा वाचक ‘पूर्वस्थितीत जा’ असा अर्थ लावू शकतो. तिथे साधा ‘रिप्लाय’ लिहिलेला बरा.

– एक मुद्रितशोधक, पुणे