गोठा पाडू नका

मालाड, रविवार रात्र

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, गोठा पाडून टाकायचं तुम्ही फोनवर बोललात, तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. आणि काल मी एका गोठ्यातच झोपून आले. मार्व्याहून तरीने मनोरीची खाडी ओलांडली (मोटारसायकलीही त्याच तरीत चढतात). पलीकडे खाडीलगत एका ईस्ट इंडियन (इथल्या मूळच्या मराठी ख्रिस्ती) कुटुंबाचा जुना गोठा आहे. गुरं गेली, पण त्यांनी तो पाडला नाही, राहायची खोली केली.

आई, गव्हाण तशीच ठेवलीय गं. वर फळी टाकून बैठक केलीय, पण पुढची कड उघडी आहे. गुरांच्या माना घासून घासून ती आपल्या कपिलेच्या गव्हाणीसारखी गुळगुळीत झालीय. मी कितीतरी वेळ तिच्यावरून नुसता हात फिरवत बसले होते. मोरीकडचा उतारही काढलेला नाही, खाटेच्या दोन पायांखाली लाकडाचे ठोकळे दिलेत. खिडकी तेवढी नवी, खाडीच्या अंगाला.

संध्याकाळी पायरीवर बसले. अष्टमी होती. तुमचा हिशोब केला बाबा, तिथीची पाऊणपट, म्हणजे सहाला पूर्ण भरती. सहाच्या सुमाराला पाणी खरंच तिवरांपाशी येऊन थबकलं. भांगाची भरती, फार चढली नाही. तुम्ही शेजारी असायला हवे होतात. रात्री त्या घरच्या मावशींनी फुगे (त्यांचे तळलेले गोल पाव) आणि त्यांच्या घरगुती बाटली मसाल्यातलं सुक्या बोंबलांचं कालवण वाढलं. सकाळी ओहोटी लागली तसे चिखलात निवट्या मासे उड्या मारायला लागले.

आपला गोठा भाड्याने द्या असं मी म्हणत नाही. आईला आता माडीचा जिना झेपत नाही. तुम्हा दोघांना खाली, अंगणाला लागून खोली हवीच आहे, आणि ती तिथे उभी आहे. वासे कुजलेत म्हणता, तर वासे बदलता येतील. चिऱ्याच्या तेवढ्या जाड भिंती आज कोण बांधून देणार? खर्च माझ्याकडे. त्यावर वाद नको.

पुढच्या महिन्यात रजा टाकून येते. सुतारकाकांना बोलावून ठेवा. शाकारणी पावसाआधीच उरकायला हवी. तोवर कौलं उतरवू नका, आणि गव्हाणीला तर कुणाला हातही लावू देऊ नका.

आई, गुडघ्याला तेल लावतेस ना?

तुमची,
माई