अवलंबून असण्यात कमीपणा कसला?

संपादक महाशय,
रविवारच्या पुरवणीत तरुणांनी कुणावरच अवलंबून राहू नये असं सांगणारा लेख वाचला, हेतू चांगलाय पण त्यासाठी बुद्धांचं 'अत्त दीप', म्हणजे स्वतःच स्वतःचा आधार व्हा, हे वचन पुढे केलंय ते काही पटलं नाही. बुद्धांच्या शेवटच्या दिवसांवरच्या महापरिनिब्बान सुत्तात त्याच वाक्यात लगेच धम्माचाही आधार घ्यायला सांगितलंय, ते लेखकाने सोडूनच दिलं. आणि बुद्धांचाच प्रतीत्यसमुत्पाद, म्हणजे प्रत्येक गोष्ट कारणांवर अवलंबून असते हा सिद्धांत, तर सरळ सांगतो, हे असलं की ते होतं, हे नसलं की ते नाही, एकट्याच्या जोरावर उभं असं जगात काहीच नाही. आपला रावेर-यावलकडचा केळीवाला बघा ना, टिश्यूकल्चरची रोपं बाहेरून, पाणी बोअरचं, बोअर लाइटवर, घड कापायला मजूर, माल उचलायला व्यापारी, आणि एका वादळात सगळी बाग आडवी. त्याला काय आळशी म्हणायचं?

हां, सावकाराच्या दारात उभं राहावं लागणं ही लाचारीच, ती गोड मानून घ्या असं बौद्ध विचारही म्हणत नाही. दुःखही कारणांमुळेच येतं म्हणून कारण काढलं की दुःख थांबतं, हा त्यातला खरा मुद्दा. पोरांना नुसतं स्वतःच्या पायावर उभे रहा सांगून कर्जाची कारणं जात नाहीत.

अजिंठा आपल्याला काही लांब नाही. १७ नंबरच्या लेणीत व्हरांड्यात भवचक्राचं, म्हणजे जन्ममरणाचा फेरा चाकाच्या रूपात दाखवणारं चित्र आहे, बरंच गेलंय, इंग्रज तर त्याला राशीचक्र समजले होते. पुढच्या पुरवणीत त्यावर कुणा जाणकाराकडून लिहून घ्यावं ही विनंती.

- एक वाचक, भुसावळ